गरम इंजिन दाखवून मला 72 हजारांना घातलं

बाबांची टाटा 407 (छोटा ट्रक) गेली सहा वर्षं घरामागच्या वाड्यात उभी होती. 1993 सालची, एमपी 09 पासिंगची. याच गाडीवर बाबांनी इंदूरच्या मंडीतून बटाटा आणि लसूण वाहून आम्हा दोघा भावांची शिक्षणं केली. शेवटच्या फेरीत कनेक्टिंग रॉड ब्लॉक फोडून बाहेर आला आणि गाडी टोचन लावून घरी आणावी लागली. बाबा गेल्यावर ती भंगारात द्यायची नाही, हे मी आणि आईने ठरवलं होतं. बॉडी मारून घेतली, पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) उघडून बसवले, वायरिंग नवीन केलं. उरलं होतं इंजिन. गाडीत मुळात जे होतं तेच हवं होतं, टाटाचं 497, चार सिलिंडर, 2956 सीसी. त्याच कंपनीचं, त्याच जातीचं इंजिन असलं की आरटीओत अडचण कमी येते, असं मिस्त्रींनी आधीच सांगून ठेवलं होतं.

देवास नाक्याच्या पुढे एका गोडाऊनवाल्याकडे असं इंजिन असल्याचं कळलं. आमचे मिस्त्री त्या आठवड्यात गावी गेले होते. थांबायला हवं होतं. पण फोनवर तो म्हणाला, "भिया, दो पार्टी और लगी हैं, संडे को आ जाओ." मग रविवारी मेहुण्याला घेऊन गेलो.

इंजिन लाकडी ठोकळ्यांवर ठेवलेलं, बॅटरी आणि डिझेलची कॅन जोडलेली. चांदीचा रंग इतका ताजा की बोटाला लागत होता. त्याने सेल (स्टार्टर) मारला, अर्ध्या चक्रात इंजिन सुरू. धूर नाही, आवाज गोल, ऑइल प्रेशरचा काटा छान वर. "आँख मीच के ले जाओ, क्रँक स्टँडर्ड है, खुला ही नहीं कभी." म्हणजे क्रँक, इंजिनचा मुख्य दांडा, मूळ मापाचाच आहे, कधी घासलेला नाही. त्या वेळी एक गोष्ट माझ्या हाताला कळली होती, डोक्याला नाही. सुरू करण्याआधी मी हेडवर हात ठेवला होता आणि चटका बसून मागे घेतला होता. सकाळचे दहा वाजले होते. आम्ही पोहोचण्याआधी बराच वेळ ते इंजिन चालवून ठेवलेलं होतं, कारण झिजलेलं इंजिनही गरम असलं की पटकन लागतं.

72 हजार रोख दिले. पावती मागितली तर वहीतलं पान फाडून लिहून दिलं: "पुराना लोहा, 1 नग." इंजिन नंबर नाही, कुठल्या गाडीतून काढलं ते नाही. "पक्का बिल लोगे तो जीएसटी लगेगा," म्हणाला. मी मान डोलावली.

मिस्त्री परत आल्यावर दोन दिवस चेनकुप्पी (जड वस्तू उचलायची साखळी-कप्पी) लावून इंजिन बसवलं. फाउंडेशनचे रबर नवीन, क्लच प्लेट नवीन. सकाळी थंड असताना सेल मारला तर घेईना. डिझेल पंपाची हवा काढली, नोझल तपासले, शेवटी धक्का मारून सुरू केलं, तेव्हा गल्लीभर पांढरा धूर. मिस्त्री गप्प होते. तरी चालवून बघू म्हणून खंडवा रोडला निघालो. सिमरोल गेलं, भेरूघाट लागला, आणि तिथेच ऑइलचा दिवा लागला. गाडी बाजूला घेऊन बॉनेट उघडलं, तर डिपस्टिक आपल्या जागेवरून चार बोटं वर उडालेली आणि आजूबाजूला सगळीकडे ऑइल शिंपडलेलं.

मिस्त्रींनी ऑइल भरायचं झाकण काढलं, आतून भसाभसा धूर आला. "बॅक कॉम्प्रेशन," एवढंच म्हणाले. मग ब्रीदरच्या, म्हणजे इंजिनातली वाफ-धूर बाहेर सोडणाऱ्या पाइपात बोट घातलं आणि ऑइलने काळी झालेली चिंधी ओढून काढली. सिलिंडरमधून खाली उतरणारा दाब बघायला आलेल्याला दिसू नये म्हणून ती आत कोंबली होती.

दुसऱ्या दिवशी चेंबर, म्हणजे इंजिनच्या तळाची ऑइलची टाकी, खोललं. आतल्या ऑइलला गंधकासारखा वास. इंजिन ऑइलमध्ये गिअरबॉक्सचं 90 नंबर तेल मिसळलं होतं. जाड तेलाने आवाज दबतो, प्रेशरचा काटा वर राहतो, धूरही कमी दिसतो. घाटात ते तापून पातळ झालं आणि पितळ उघडं पडलं. मिस्त्रींनी बेअरिंगच्या अर्ध्या पाट्या काढून पुसल्या आणि उलट्या करून माझ्या तळहातावर ठेवल्या. पाठीवर कोरलेलं होतं, 1.00. म्हणजे क्रँक घासून घासून पूर्ण एक मिलिमीटरने कमी केलेला, शेवटची साइज. ज्याला तो 'स्टँडर्ड' म्हणत होता, त्याला पुढची साइजच शिल्लक नव्हती.

पैसे बुडाले म्हणून रडत बसलो असतो, पण खरी भीती नंतर वाटली. इंजिन बदललं की 14 दिवसांत आरटीओला कळवून आरसीवर नवा नंबर चढवून घ्यावा लागतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मध्ये तसं आहे. नायता मुंडल्याच्या आरटीओत जाण्याआधी नंबरची छाप घ्यायला मिस्त्रींनी ब्लॉकवरचा रंग थिनरने पुसला. नंबरच्या जागेवर ग्राइंडरच्या आडव्या रेघा होत्या. पहिले आकडे एका उंचीचे, शेवटचे तीन बारीक आणि तिरके, आणि 7 च्या खाली जुन्या आकड्याची पुसट गोलाई. आईला दाखवलं तर ती म्हणाली, "बाबांच्या गाडीत हे नको." त्याच संध्याकाळी उतरवलं.

गोडाऊनवाला फोनवर आधी भिया-भिया करत होता, नंतर म्हणाला, "लोहा लिया था, लोहा मिला." कागदावर तेच लिहिलं होतं. ओळखीच्या वकिलांनी स्पष्ट सांगितलं की नंबर खोडलेलं इंजिन घरात ठेवू नका आणि दुसऱ्याला विकायचं तर मनातही आणू नका. चोरीचा माल माहीत असून जवळ ठेवला तर तो आपलाही गुन्हा होतो. मी फोटो, तो कागदाचा चिटोरा आणि कॉलची नोंद जोडून पोलीस ठाण्यात लेखी अर्ज दिला. इंजिन दाखवलं. पोच घेतली. पैसे परत मिळतील असं मला कुणी सांगितलेलं नाही.

गेल्या आठवड्यात उज्जैनला दुसरं एक इंजिन बघायला गेलो, यावेळी मिस्त्रींसोबत. आदल्या रात्री फोन करून सांगितलं होतं की आम्ही येईपर्यंत सुरू करू नका. सकाळी सातला पोहोचलो, आधी हेडवर हात ठेवला. गार होतं. त्या गृहस्थांनी ज्या गाडीतून ते काढलं तिच्या आरसीची प्रत आणि स्वतःचं आधार समोर ठेवलं. नंबर आकडा-आकडा जुळला. तिसऱ्या सेलला इंजिन लागलं, थोडा धूर मारला आणि मग साफ झालं. मिस्त्रींनी ऑइलचं झाकण काढून तिथेच पालथं ठेवलं, ते जागेवरून हललं नाही, म्हणजे खालून दाब येत नव्हता. सौदा अजून झालेला नाही. शुक्रवारी मिस्त्री तिथेच चेंबर खोलून बेअरिंगची पाठ बघणार आहेत, त्याला ते गृहस्थ तयार आहेत.