दोनशेचे चारशे करणारा डबलर

कॅमेरा आणि लेन्सच्या मध्ये बसवून लांबचं मोठं दाखवणारी काचांची नळी म्हणजे टेलिकन्व्हर्टर. आमच्याकडे त्याला जुने स्टुडिओवाले अजूनही डबलरच म्हणतात. निकॉनचा टीसी-२०१ मी मुंबईच्या एका दुकानातून साडेतीन हजारांना जुना घेतला. "एकदम क्लीन" म्हणून दिला आणि भुसावळला येऊन टॉर्च मारून पाहिलं तर कडेला बुरशीचा धागा. फोटोत दिसत नाही म्हणून गप्प बसलो. खान्देशच्या कोरड्या हवेत ती निदान वाढत तरी नाही.

लेन्स माझी फिल्मच्या काळातली, निकॉनचीच निकॉर २०० एमएम एफ ४, एआय नावाच्या जुन्या जोडणीची. माझ्या निकॉन डी ७००० या डिजिटल कॅमेऱ्यावर ती हातानेच फोकस करायची. डबलर लावला की चारशे एमएम होते, पण लेन्सच्या तोंडाचा आकडा (अ‍ॅपर्चर) एफ ४ चा एफ ८ होतो; आकडा मोठा तसा उजेड कमी. म्हणजे उजेड पावच राहिला. जिथे शटर १/५०० सेकंद मिळत होता तिथे १/१२५, आणि चारशेला तेवढ्यात हात हललाच म्हणून समजा. कॅमेऱ्याच्या मेनूत लेन्स ४०० आणि एफ ८ अशी भरून ठेवली की उजेड मोजणारा मीटर नीट चालतो. फोकस जुळल्याचा व्ह्यूफाइंडरमधला हिरवा ठिपका मात्र एफ ५.६ च्या पुढे भरवशाचा नाही.

भुसावळजवळच्या हतनूर धरणाच्या पाणथळीवर पहिल्या दिवशी हळदीकुंकू बदकांचे साठेक फोटो काढले, त्यातले चार शार्प. शिव्या डबलरला घातल्या. चूक माझी होती. व्ह्यूफाइंडर इतका अंधारतो की डोळा फसतो. दुसऱ्या रविवारी लाइव्ह व्ह्यू, म्हणजे मागच्या पडद्यावरचं चित्र, मोठा करून फोकस केला, डोक्यावर बागायती रुमाल घेऊन. होडीवाला थांबून म्हणाला, "काय दिसू राह्यलं भो?" त्याला दाखवलं, तर तो बदकापेक्षा मागे दिसणाऱ्या स्वतःच्या जाळ्याकडेच बघत बसला.

या लेन्सला ट्रायपॉडची कॉलर नाही, म्हणून ज्वारी भरलेली कापडी पिशवी खाली घेतो. (ती ज्वारी परत डब्यात टाकायची नाही, असं घरातून बजावलंय.) लेन्सची अ‍ॅपर्चरची रिंग एक घर बंद करून ५.६ वर ठेवली, म्हणजे खरं एफ ११, की पिसं उठून दिसतात. उघड्या अ‍ॅपर्चरला सगळं जरा दुधाळ येतं, आणि सूर्य समोर असला तर विचारूच नका. लेन्सचं ऊन अडवणारं सरकतं हूड बाहेर ओढायला विसरू नका.

मार्च लागला की नऊ वाजताच पाण्यावरची हवा थरथरायला लागते. तेव्हा लांबच्या पक्ष्यासाठी कुठलीच काच कामाची नाही. अशा वेळी मी जवळ वळतो, आणि डबलरचे पैसे खरे तिथेच वसूल झाले. दोन मीटरवर फोकस होणारी लेन्स डबलर लावूनही दोन मीटरवरच फोकस होते, फक्त चित्र दुप्पट मोठं येतं. काठावरच्या गवतावर बसलेल्या चतुराच्या पंखांच्या शिरा मोजता आल्या मला, आणि तो उडालाही नाही.

निकॉनचाच दुसरा डबलर टीसी-३०१ स्वस्तात दिसला तर भुलू नका. त्याची पुढची काच बाहेर आलेली असते, तो तीनशे एमएम आणि पुढच्या लेन्सांसाठी. मला आता १.४ पटीचा टीसी-१४ए हवाय, त्यात एकच स्टॉप जातो, म्हणजे उजेड निम्माच घटतो. कुणाच्या कपाटात पडून असेल तर कळवा, पैसे रोख आणि वर भरीत-पुरी.