लेकीच्या सॉकर स्कॉलरशिपच्या नावाखाली आमचे ४,००० डॉलर बुडाले

आम्ही न्यू जर्सीत राहतो. लेक आता अकरावीत आहे, लहानपणापासून सॉकर खेळते. गेल्या वर्षी कॉलेज रिक्रूटिंगच्या, म्हणजे कॉलेजच्या टीममध्ये निवड होण्यासाठी मदत करणाऱ्या एका सल्लागाराने आम्हाला चांगलंच फसवलं. इथल्या दुसऱ्या कुणा आईबापांवर ही वेळ येऊ नये म्हणून लिहिते आहे.

हा माणूस एका टूर्नामेंटला मैदानाच्या कडेला भेटला. स्वतःहून बोलायला आला. म्हणाला, मुलगी चांगली खेळते, पण ईसीएनएलच्या टीममध्ये नाही, म्हणजे कॉलेजच्या कोचना दिसणारच नाही. माझ्या पोटात गोळाच आला. मुलींसाठी एकीकडे ईसीएनएल ही देशपातळीवरची क्लबांची लीग, दुसरीकडे २०२० मध्ये सुरू झालेली तशीच गर्ल्स अकॅडमी, शिवाय राज्याच्या लीग. बारावीचे मार्क आणि सीईटी एवढंच बघत वाढलेल्या आम्हाला यातलं काय कळणार? त्याने नेमकं तेच हेरलं.

आधी २,००० फी. मग हायलाइट व्हिडिओचे ८००. व्हिडिओ आला तेव्हा लेक माझ्या शेजारीच बसली होती. एक गोल झाला आणि ती म्हणाली, "आई, ही मी नाहीये. माझा नंबर १७, हिचा ११ आहे बघ." डाव्या पायाने मारलेला तो सुरेख गोल भलत्याच मुलीचा होता. फोन केला तर म्हणाला, एडिटरची चूक, बदलून देतो. तिथेच सगळं थांबवायला हवं होतं. मी थांबवलं नाही.

फेब्रुवारीत त्याने एका कॉलेजचं पत्र पाठवलं. ६० टक्के अ‍ॅथलेटिक स्कॉलरशिप, मात्र जागा राखायला आठवड्याभरात २,००० डॉलर भरायचे, तेही झेलवरून (बँकेतून थेट दुसऱ्याच्या खात्यात पैसे पाठवायची सोय), त्याच्याच खात्यात. नवरा म्हणाला, एकदा कॉलेजला विचारू. पण पालक मध्ये पडलेले कोचना आवडत नाहीत, असं त्या माणसाने बजावून ठेवलं होतं. लेकीची संधी माझ्यामुळे जायला नको, या भीतीने मी पैसे पाठवले.

एप्रिलपर्यंत काहीच हाललं नाही. शेवटी लेकीनेच कॉलेजच्या वेबसाइटवरून कोचचा नंबर शोधला आणि फोन लावला. कोचबाईंनी तिचं नावही ऐकलं नव्हतं. शांतपणे म्हणाल्या, "आमचं कॉलेज डिव्हिजन थ्रीमध्ये आहे. इथे अ‍ॅथलेटिक स्कॉलरशिप कुणालाच मिळत नाही." एनसीएए म्हणजे कॉलेजांच्या खेळांची संघटना, तिने कॉलेजांचे तीन गट (डिव्हिजन) केलेत, आणि तिसऱ्या गटासाठी तिचा हा जुना नियम. हार्वर्ड, येल वगैरेंच्या आयव्ही लीगमध्येही खेळासाठी स्कॉलरशिप देत नाहीत. पत्र पुन्हा काढून पाहिलं, तर कोचचा म्हणून दिलेला ईमेल साध्या जीमेलचा होता, कॉलेजच्या डॉट ईडीयूचा नव्हताच.

त्यानंतर मी नियम वाचत बसले, आणि हे आधी का वाचलं नाही याचं फार वाईट वाटलं. डिव्हिजन वनमध्ये, म्हणजे सगळ्यात वरच्या गटात, दहावी संपल्यानंतरच्या १५ जूनपर्यंत सॉकरचे कोच मुलांना रिक्रूटिंगचा ईमेलसुद्धा करू शकत नाहीत. स्कॉलरशिपची लेखी ऑफर तर बारावीच्या वर्षातल्या १ ऑगस्टच्या आधी देताच येत नाही. आणि पूर्ण स्कॉलरशिप सॉकरमध्ये विरळाच. २०२४-२५ पर्यंत डिव्हिजन वनच्या मुलींच्या एका टीमला मिळून जास्तीत जास्त १४ स्कॉलरशिप होत्या, त्या पंचवीस-तीस जणींत वाटायच्या. तेव्हा दहावीतल्या मुलीच्या हातात कुणी टक्केवारीचं पत्र ठेवलं, तर आधी कॉलेजच्या वेबसाइटवरच्या नंबरवर फोन करा. पत्रावरच्या नंबरवर नको. विचारल्यामुळे कुठलाही खरा कोच रागावत नाही. टीमच्या पानावर रिक्रूटिंगचा फॉर्म असतो, तो फुकट भरता येतो. कोचना ईमेलही मुलांनी स्वतः करायचा असतो.

कार्डावर भरलेल्यापैकी व्हिडिओचे ८०० बँकेने परत मिळवून दिले. झेलचे २,००० गेले ते गेलेच, आपण स्वतः पाठवलेले पैसे म्हणून बँकेने हात वर केले. राज्याच्या ग्राहक विभागाकडे आणि केंद्र सरकारच्या एफटीसी या ग्राहक-संरक्षण संस्थेकडे तक्रार केली आहे, त्या माणसाचा फोन बंद आहे.

लेक आता व्हिडिओ स्वतःच बनवते. रात्री अभ्यास आटोपला की लॅपटॉप घेऊन बसते आणि प्रत्येक क्लिपच्या सुरुवातीला १७ नंबरभोवती लाल गोल काढते.