साडेचार तासांचं व्हेनिस : टूरवाल्यांना पाचपैकी अडीच

मी बडोद्यात इंटिरियर डिझाइनच्या मुलांना ड्रॉइंग शिकवतो. मे २०२५मध्ये ३४ मुलं आणि आम्ही तिघे शिक्षक इटलीला जाऊन आलो. टूर कंपनीचं नाव लिहीत नाही, पैशांचं बोलणं अजून चालू आहे. व्हिसाची कागदपत्रं त्यांनी चोख केली, बस रोज वेळेवर, जैन जेवणही कबूल केल्याप्रमाणे मिळालं. हे सगळं मान्य. तक्रार आहे ती व्हेनिसच्या दिवसाची, आणि तेवढ्यासाठीच तर मुलं आली होती.

मुक्काम मेस्त्रेला, म्हणजे व्हेनिसला जाणाऱ्या पुलाच्या अलीकडे, मुख्य भूमीवर. पत्रकात छापलं होतं ‘पूर्ण दिवस व्हेनिस’. प्रत्यक्षात बोटीनं सान मार्कोला, म्हणजे मुख्य चौकापाशी, उतरलो पावणेअकराला आणि परतीची बोट सव्वातीनची. 

उतरल्या उतरल्या स्थानिक गाइडबाईंनी मुंडकी मोजली आणि मान हलवली. २०२४पासून तिथे एका गाइडमागे २५पेक्षा जास्त माणसं चालत नाहीत, लाउडस्पीकरलाही बंदी आहे. आमच्या टूर मॅनेजरला याचा पत्ताच नव्हता. एका गाइडवर भागवू, असा हिशेब असावा. शेवटी बाई म्हणाल्या, दोन फेऱ्या करते. माझ्या वाट्याला १८ मुलं आणि चौकात पाऊण तास उभं राहणं आलं. पायऱ्यांवर टेकलो तर एका कर्मचाऱ्यानं येऊन उठवलं. तिथे तसं बसायला मनाई आहे. थेपल्यांचा डबा उघडायच्या आत पुन्हा पिशवीत गेला.

वेळ काढायला मी मुलांना समोरच्या घंटाघराची गोष्ट सांगितली. १४ जुलै १९०२ला ते अख्खं कोसळलं आणि १९१२मध्ये होतं तिथेच, होतं तसंच पुन्हा उभं केलं. आपला लक्ष्मी विलास पॅलेस १८९०चा, म्हणजे आज उभ्या असलेल्या या मनोऱ्यापेक्षा २२ वर्षांनी मोठा! मुलं एकदम सरळ उभी राहिली. बडोदेकर आहेत शेवटी.

गाइडबाईंना मात्र पैकीच्या पैकी गुण. दुसऱ्या फेरीला घसा बसला होता, तरी एक वाक्य गाळलं नाही. सान मार्कोच्या बॅसिलिकात, म्हणजे चौकातल्या मोठ्या चर्चमध्ये, सगळे माना वर करून सोनेरी छत बघतात, त्यांनी आधी खाली बघायला लावलं. दगडाचे रंगीत तुकडे बसवलेली फरशी, पण सपाट नाही. सतरंजी झटकून टाकल्यावर राहाव्यात तशा लाटा. खालची जमीन शतकानुशतकं खचत आली आहे. एका मुलीनं वाकून हळूच पेन्सिल आडवी ठेवली, ती घरंगळत पुढच्या माणसाच्या बुटाला जाऊन टेकली. बाई हसल्या. मागून कुणीतरी म्हणालं, ‘सर, आपणो दरबार हॉल तो सीधो छे!’ खरंच आहे. लक्ष्मी विलासमधल्या आपल्या दरबार हॉलची मोझॅकची जमीनही व्हेनिसच्याच पठडीतली, पण तिच्या खाली खाडी नाही. (स्लीव्हलेस घालून आलेल्या दोघींना आत जाण्यासाठी मैत्रिणींच्या बांधणीच्या ओढण्या घ्याव्या लागल्या. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, हेही आधी कोणी सांगितलं नव्हतं.)

मग ‘मुरानो ग्लास फॅक्टरी’. आगीच्या भीतीनं १२९१मध्ये व्हेनिसनं काचेच्या भट्ट्या मुरानो बेटावर हलवल्या, ही माहिती पत्रकात होती. बेट मात्र आमच्या नशिबात नव्हतं. चौकामागच्या एका गल्लीत शोरूम होतं. कारागिरानं नळीच्या टोकावरच्या लालबुंद गोळ्याला चिमट्यानं चार-पाच ठिकाणी ओढलं आणि घोडा तयार! कसब अप्रतिम, दोन मिनिटांचं. त्यानंतर पन्नास मिनिटं झुंबरं आणि कानातली. डोजचा, म्हणजे जुन्या व्हेनिसच्या राज्यप्रमुखाचा, राजवाडा आम्ही बाहेरून पाहिला, कारण वेळ संपला. पन्नास मिनिटांत आत निदान महासभेचं दालन तरी झालं असतं: ५३ मीटर लांब, २५ मीटर रुंद आणि मध्ये एकही खांब नाही. इंटिरियरच्या मुलांना याहून मोठा धडा कुठला? मॅनेजरचं उत्तर : ‘सर, इथलं टॉयलेट फुकट आहे ना.’ 

गोंडोला त्यांच्याकडून घेऊ नका. ते माणशी ३५ युरो सांगत होते. सरकारी दर दिवसा अर्ध्या तासाला अख्ख्या होडीचे ९० युरो, पाच जणांपर्यंत. आमच्या पाच पोरांनी थेट घाटावर जाऊन ठरवली, माणशी १८ पडले.

आता पैशांचं. बिलात ‘व्हेनिस प्रवेश शुल्क’ म्हणून माणशी ५ युरो लावलेत. हे शुल्क ठरावीक दिवशी नुसतं दिवसापुरतं येणाऱ्यांसाठी आहे. मेस्त्रे व्हेनिसच्याच नगरपालिकेत येतं, तिथे हॉटेलात राहणाऱ्यांना ते माफ असतं, फक्त सवलतीची नोंदणी करावी लागते. मुक्कामाचा कर आम्ही वेगळा भरलाच होता. ३७ माणसांचे १८५ युरो झाले. तीन मेल पाठवले, तेव्हा उत्तर आलं की पुढच्या टूरमध्ये वळते करू. पुढची टूर यांच्याबरोबर करणार आहे कोण? थेपले परतीच्या बोटीत खाल्ले, वाकडे झाले होते.