सात महिने, चौदा बाटल्या आणि एक फ्रीज

पाडव्यापासून दिवाळीपर्यंत आम्ही दोघांनी वाइनच्या १४ बाटल्या संपवल्या. नऊ रेड, पाच स्पार्कलिंग म्हणजे बुडबुड्यांच्या, सगळ्या भारतातल्या. प्रत्येक बाटलीबद्दल वहीत चार ओळी लिहायच्या असं ठरवलं होतं. आता पहिलं पान वाचलं की लाज वाटते.

तिथे नाशिकच्या सुला वायनरीच्या दिंडोरी रिझर्व्ह शिराझ या रेडबद्दल लिहिलंय : 'जळजळीत. औषधासारखी. पुन्हा नको.' एप्रिलचा महिना, ठाण्यातलं घर, बाटली दिवसभर टेबलावर. रेड वाइन म्हणे रूम टेंपरेचरला प्यायची. ती रूम युरोपातली, १६-१८ अंशांची, हे कोण सांगणार? आमच्याकडे तेव्हा ३३ होतं. एवढ्या गरम वाइनमधून आधी अल्कोहोलच नाकात शिरतं. जुलैत तीच वाइन पुन्हा आणली, पाऊण तास फ्रीजमध्ये ठेवली आणि चक्क जांभूळ लागलं, मागून काळी मिरी. मिरीचा भास नव्हे बरं का. रोटंडोन नावाचं जे द्रव्य मिरीला तिचा वास देतं, तेच शिराझच्या द्राक्षातही असतं.

अकलूजच्या फ्रातेल्ली वायनरीची सेत्ते ही रेड मात्र पहिल्या घोटाला आवडली नाही. सांजोव्हेजे आणि काबर्ने सोव्हिन्यों या द्राक्षांचं मिश्रण; कच्चं जांभूळ खाल्ल्यावर जीभ आखडते ना, तसं झालं. अर्धी बाटली बूच लावून फ्रीजमध्ये टाकली. दुसऱ्या दिवशी, हवा लागून, तुरटपणा बराच निवला होता. तेव्हापासून अशा दणकट रेड मी जेवणाच्या तासभर आधी जगमध्ये ओतून ठेवतो.

तांबड्या रश्श्याबरोबर रेड घेण्याचा हट्ट माझा. चुकला. तिखटाने अल्कोहोलची आग वाढते, तुरटपणाही वाढतो, आणि वाइन व रस्सा दोन्हींची चव जाते. कमी तिखटाचं, खोबरं-मिरीचं सुकं मटण असेल तर शिराझ मस्त जमते.

एक बाटली पूर्ण वाया गेली. दुकानात उन्हाच्या काचेमागे उभी होती, बूच किंचित वर आलेलं. मी विचारलं तर उत्तर आलं, "रेड जितकी जुनी तितकी चांगली." चव शिजवलेल्या मनुकांची. आपल्याकडच्या बहुतेक रेड दोन-चार वर्षांत पिऊन टाकायच्या असतात. लेबलवरचं साल बघा आणि शक्यतो आतल्या रॅकमधली बाटली मागा.

आता स्पार्कलिंग. इथे मी पक्षपाती आहे. शांदों या स्पार्कलिंगवाल्या कंपनीने २०१३ मध्ये नाशिकजवळच्या दिंडोरीतूनच बाटल्या आणायला सुरुवात केली. त्यांची ब्रूट, म्हणजे गोडवा कमी असलेली स्पार्कलिंग, कोथिंबीर वडीबरोबर घ्या, मग बोलू. तळणीचं तेल, बेसनाची खमंग चव, आणि त्यावर आंबटसर बुडबुडे : पुढचा घास पुन्हा पहिल्यासारखा लागतो. तळलेल्या बोंबलांबरोबरही तेच. सुला ब्रूटही याच कामाची. यीस्टने बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवलेल्या या वाइन. पावाच्या भट्टीसारखा जो मंद वास येतो, तो त्या यीस्टचाच. अरुंद, उंच ग्लासात तो वास कोंडतो, म्हणून मी साधा वाइनचा ग्लास वापरतो.

थंड मात्र नीट करायची, ६ ते ८ अंश. आतला दाब गाडीच्या टायरच्या दुप्पट-तिप्पट असतो. मे महिन्यात घाईने अर्धवट थंड बाटली उघडली. बूच ट्यूबलाइटच्या पट्टीवर, फेस चादरीवर. आता बूच घट्ट धरून बाटली फिरवतो, 'फुस्' एवढाच आवाज.

दिवाळीत आई आली होती. शिराझचा घोट घेऊन म्हणाली, "द्राक्षासवात गूळ घालायला विसरले वाटतं." चकलीबरोबर ब्रूट मात्र तिने अर्धा ग्लास अजून मागून घेतली. पुढच्या यादीत म्हणून दोन ब्रूट आणि एकच शिराझ आहे. सेत्ते थंडीत.