बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान: कान्हेरी की सफारी?

भाची विचारतेय, मुलांना घेऊन बोरिवलीला जायचंय, वेळ अर्धाच दिवस. कान्हेरीची बौद्ध लेणी की वाघ-सिंहांची सफारी? तिकीट दोन्हींना वेगळं काढावं लागतं, तेव्हा पैशांवरून ठरवू नकोस. सफारीत चालणं नाही. जाळीच्या बसमधून फेरी, थोडक्यात आटोपते. वाघ झोपलेला असला तर पोरं कुरकुरणारच.

कान्हेरी दरवाज्यापासून सहा-सात किलोमीटर आत, वर पायऱ्या. पण शंभरावर लेणी, तिसऱ्या लेण्यातला चैत्य म्हणजे प्रार्थनागृह, उंच बुद्धमूर्ती, कातळात खोदलेली पाण्याची टाकी! पावसाळ्यात शेवाळापासून जपायचं, आणि माकडांसमोर खाऊ काढायचा नाही.

आजीचे गुडघे दुखत असतील किंवा पोरं अगदी चिमुरडी असतील तर सफारी. चालणारी, प्रश्न विचारणारी असतील तर सकाळीच कान्हेरी गाठ. सोमवारी मात्र जाऊ नकोस, उद्यान बंद असतं.