अपराइट पियानो टिल्टर: आठ महिन्यांच्या वापरानंतर

कास्टर (खालची चाकं) बदला, पेडलची यंत्रणा काढा किंवा तारा ताणून धरणाऱ्या सैल ट्युनिंग पिनांना पातळ सुपरग्लू पाजा, अपराइट म्हणजे उभा पियानो पाठीवर निजवल्याशिवाय काम नीट होत नाही. वजन २०० ते ३०० किलो, त्यातलं बरंचसं तारांचा ताण पेलणाऱ्या बिडाच्या प्लेटमध्ये, म्हणजे मागच्या बाजूला आणि उंचावर. थोडा कलेपर्यंत ओढावा लागतो. एका बिंदूनंतर तो आपणहून जातो आणि मग हातांनी आवरत नाही. टिल्टरचे (पियानो निजवायच्या लोखंडी चौकटीचे) वक्र पाय तिथेच कामी येतात: पियानो आदळत नाही, सावकाश लोळतो. तरीही दोनपेक्षा कमी माणसांनी वापरू नये.

आधी ॲक्शन (हातोड्यांची यंत्रणा) बाहेर काढा. ती निघाली की वाजवायच्या पट्ट्यांवर दाब उरत नाही आणि आडव्या पियानोत त्या आपल्या खालच्या पिनांवरून निसटतात. म्हणून त्याही काढा (त्यांवर क्रमांक बहुधा कोरलेले असतात) किंवा वरून लाकडी पट्टी बांधा. झाकण नवारीच्या पट्ट्याने आवळा. मागे दीड-दोन मीटर जागा मोकळी हवी. टिल्टरची जीभ (पियानोखाली सरकणारं टोक) घालताना पहारीने एक कोपरा उचलून पाचर सारा, मग दुसरा. पियानो पुढे ढकलून मागची बाजू उचलायची नाही, पुढचे नाजूक पाय तिथेच मोडतात.

उभा करताना जास्त चुका होतात. सुरुवातीला भार सगळ्यात जड, शेवटी अचानक हलका. जोर तोच राहिला तर पुढचे कास्टर धाडकन आपटतात आणि पाय सांध्यातून उखडतो. समोरच्या माणसाने हात पायांना नव्हे, की-बेडला (पट्ट्यांखालच्या आडव्या फळीला) लावून शेवटची वीतभर उतरण रोखायची. कास्टरखाली प्लायचा तुकडा ठेवा. सुपरग्लू घातला असेल तर तो बसेपर्यंत उभा करायची घाई नको, नाहीतर ओघळून तारांवर येतो.

टिल्टरच्या मुख्य तक्रारी दोन. पाठीकडची रबरपट्टी चार महिन्यांत झिजली, तिथे जाड फेल्ट चिकटवावा लागला. गुळगुळीत फरशीवर पाय सरकतात. १२ मिमी प्लाय आणि त्याखाली रबर मॅट लागतेच. सांध्यांचे बोल्ट दर वेळी तपासा, दोनदा ढिले निघाले. मुंबई-गोव्याच्या पावसाळ्यात वेल्डिंगवर गंज धरतो, रेड ऑक्साइडचा हात मारून ठेवा.

तळफळी वाळवीने पोखरलेली असेल, तर जीभ तिच्यावर टेकवू नका. मागच्या खांबांखालीच घाला.