शुगरवरचं ‘जसद भस्म’ आणि मामांच्या किडन्या

पुण्यात एसटी स्टँडबाहेर मामा पाय चोळत बसले होते. शेजारी एक नीटनेटका माणूस टेकला. “काका, शुगर आहे का? माझ्या वडिलांचा पाय कापायची वेळ आली होती, आता रोज पर्वती चढतात.” पैसे मागितले नाहीत. चिठ्ठीवर चार औषधांची नावं आणि एका दुकानाचा पत्ता लिहून दिला. असा माणूस भेटला की समजा, तो दुकानाचाच आहे.

दुकानात भाव सांगितला ‘नव्वद रुपये’. मामांना वाटलं, तोळ्याला. सगळं खलात एकत्र कुटून झाल्यावर कळलं, नव्वद रुपये ग्रॅमला! “आता मिसळलं, परत घेता येत नाही,” म्हणत दुकानातला पोरगा त्यांच्यासोबत एटीएमपर्यंत गेला. १८,००० रुपये उकळले. पावती मागितली तर कोऱ्या कागदावर ‘वनस्पती’ एवढंच खरडून दिलं. पुड्यांवर ना कंपनीचं नाव, ना लायसन्स नंबर, ना बॅच नंबर.

अर्धा चमचा, दोन वेळा, मधातून. थोड्याच दिवसांत तोंडाला धातूची चव, मळमळ, उलट्या. मामी म्हणाल्या बंद करा, तर दुकानदाराचं फोनवर उत्तर: “शरीरातली घाण निघतेय.” या वाक्याने सगळ्यात जास्त नुकसान केलं. क्रिएटिनिन (किडनीचं काम बिघडलं की रक्तात वाढणारा घटक) १.३ वरून ३.८ वर गेलं, तेव्हा कुठे पूड सुटली.

किडनीतज्ज्ञांनी पुड्या मागवून लॅबमध्ये पाठवल्या. मुख्य घटक निघाला जस्त, म्हणजेच जसद. जसद भस्म म्हणजे जस्त जाळून केलेली पूड, मुख्यतः जस्ताचं ऑक्साइड. जस्ताच्या ऑक्साइडमध्ये वजनाच्या ८० टक्के जस्तच असतं, म्हणजे एका ग्रॅममागे ८०० मिलिग्रॅम. मोठ्या माणसाची दिवसाची वरची मर्यादा ४० मिलिग्रॅम! सगळं अंगात शोषलं जात नाही हे खरं, पण जाणकार वैद्य भस्म गुंजेच्या (एका छोट्या बीएवढ्या) मापाने, तपासून देतात. चमच्याने कोणी देत नाही. शुगरने आधीच थकलेल्या किडन्यांवर उलट्यांमुळे पाणी कमी झाल्याचा ताण, त्यात जस्ताचा मारा.

आणखी एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. जस्त जास्त झालं की आतडी तांबं अडवून धरतात आणि ते शौचावाटे निघून जातं. रक्तातलं तांबं घटलं की हिमोग्लोबिन उतरतं, पांढऱ्या पेशी कमी होतात, पाय बधिर होतात. मामांना वाटत होतं शुगरच वाढतेय, म्हणून ते पुडी आणखी नेमाने घेत होते. रोग आणि ‘औषध’ यांची लक्षणं एकच असली की माणूस पुरता अडकतो, म्हणून हे तपशिलात लिहितोय.

मधुमेह बरा करतो अशी जाहिरात करणं १९५४ च्या कायद्याने गुन्हा आहे, पण हे लोक जाहिरात करतच नाहीत, कानात सांगतात. आम्ही पोलिसांत आणि अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार दिली आहे. उरलेल्या पुड्या आणि एटीएमची स्लिप हाच काय तो पुरावा. तुमच्या घरी अशी पूड चालू असेल तर ती आजच थांबवा, पण फेकू नका. पुडीसकट डॉक्टरांकडे जा आणि क्रिएटिनिनसोबत रक्तातलं जस्त आणि तांबंही तपासायला सांगा.